सर्व्हर कोणाच्या नावावर

३ मार्च, मंगळवार

जुन्या होस्टिंग कंपनीची ईमेल आली. "प्रिय ग्राहक, आमची सेवा या महिनाअखेरीस बंद होत आहे." प्रिय म्हणायचं आणि सामानासकट रस्त्यावर काढायचं, ही नवी रीत दिसते.

हिची विणकामाची वेबसाइट त्यांच्याकडे आहे. ही गेल्याला वर्ष होत आलं, वेबसाइट मात्र चालू आहे. नमुने आहेत, फोटो आहेत आणि मुख्य म्हणजे प्रश्नांचं पान आहे. बायका तिथे अडचणी विचारतात आणि ही उत्तरं देते. द्यायची. आता मी देतो, हिच्या नावानं. ही गेल्यावर तीनेक आठवड्यांनी एकीनं विचारलं होतं की बाहीचे टाके किती कमी करू. तो प्रश्न दोन दिवस तसाच लोंबकळत होता, मला बघवेना. हिचं जुनं एक उत्तर शोधलं, सुरुवातीला "अगं वेडे" घातलं, कारण हिचं प्रत्येक उत्तर तिथूनच सुरू व्हायचं, आणि टाकून दिलं. चाललं. मग सवयच लागली. यात लबाडी काय? मालक गेला म्हणून दुकानाची पाटी कोणी उतरवत नाही.

मी जन्मभर लिफ्ट तपासल्या. टाके, वीण, गळा यातलं मला ओ की ठो कळत नव्हतं. आता बरंच कळतं. सुया हातात धरलेल्या नाहीत, एवढंच.

५ मार्च, गुरुवार

लेकीला फोन केला. ती ऑफिसातून निघाली होती, धापा टाकत बोलत होती. म्हणाली, "बाबा, आईची सगळी पानं मी पीडीएफ करून ठेवते. फुकटात कुठेतरी टाकू. जपली जातील."

"आणि प्रश्नांचं पान?"

"ते बंद. आता कोण देणार उत्तरं?"

उत्तरं मी देतो हे तिला माहीत नाही. साइटकडे तिनं वर्षभरात फिरकून पाहिलेलं नाही, बघवत नाही म्हणते. मग तिनं विचारलं, जेवलात का? म्हटलं, जेवलो. तू? तीही जेवायची होती. आमचं बोलणं हल्ली जेवणापाशी सुरू होतं आणि जेवणापाशीच संपतं.

पीडीएफ म्हणजे फोटोला हार घालणं. मला ते नको.

६ मार्च, शुक्रवार

दिवसभर जागा शोधत बसलो. प्रश्नांच्या पानाचा प्रोग्राम इतका जुना आहे की साध्या होस्टिंगवाल्यांनी हात वर केले. म्हणाले, तुम्ही व्हीपीएस घ्या. वाचून मला समजलं ते असं: आजवर आपण वसतिगृहाच्या हॉलमध्ये पथारी टाकून होतो, आता स्वतंत्र खोली भाड्यानं घ्यायची. एकाच मोठ्या यंत्राच्या आत अशा पुष्कळ खोल्या पाडलेल्या असतात. किल्ली आपली, कुलूप आपलं, आणि आतला केरही आपणच काढायचा.

दर बघून आधी खूश झालो. इतकं स्वस्त! मग खालची बारीक अक्षरं वाचली. पहिल्या वर्षापुरता तो दर, नंतर जवळजवळ तिप्पट. आवळा देऊन कोहळा काढायचा. बारीक अक्षरं वाचण्यातच माझी नोकरी गेली आहे, मला काय फसवता? पेन्शनीत बसणारी, नंतर भाडं न वाढवणारी, बॅकअप देणारी आणि अडल्यावर फोन उचलणारी अशी कंपनी हवी. आखूडशिंगी, बहुदुधी. मिळाली तर बघू.

९ मार्च, सोमवार

एका कंपनीच्या साइटवर कोपऱ्यात खिडकी आहे. "आम्हाला विचारा." तिथे चष्मा लावलेल्या एका बाईचा हसरा फोटो. मी तिचं नाव चष्मेवाली ठेवलं. विचारलं, तुमच्याकडे सर्वांत स्वस्त काय? तिनं उत्तर दिलं, "नमस्कार मॅडम!"

मी हिच्याच ईमेलवरून लिहीत होतो, त्यामुळे तिचा तसा समज झाला असणार. दुरुस्त करायला गेलो आणि राहून गेलं. एका प्रश्नासाठी कशाला एवढं पुराण सांगत बसायचं?

पण प्रश्न एक नव्हता. तिनं समजावून सांगितलं की दोन प्रकार असतात. एकात नुसती खोली मिळते, बिघडलं तर तुमचं तुम्ही बघा. दुसऱ्यात सांभाळ करणारी माणसं असतात, ती थोडी महाग. मी रॅम म्हणजे काय ते विचारलं, मग डिस्क, मग बॅकअप. ती न कंटाळता सांगत गेली. शेवटी म्हणाली, "आणखी काही मदत करू, मॅडम?" मला काही सुचेना, तेव्हा तिच्याकडे हवा कशी आहे ते विचारलं. म्हणाली, उकडतंय. इथेही उकडत होतं.

मधल्या वेळात निळी लोकर येऊन गेली होती. म्हणजे त्या नावानं लिहिणारी बाई. विचारते, पहिला टाका सुईवर कसा घालायचा. मी दोन पानी उत्तर लिहिलं, गाठ कशी, ताण किती, सगळं. हिच्या वेळच्या पानांवर याच बाईनं विणलेल्या शालीचा फोटो आहे, सगळीवर पानांची नक्षी. वय झालं असेल, विसरायला लागली असेल बिचारी.

१२ मार्च, गुरुवार

आज चष्मेवालीचा मूड वेगळाच होता. परवा लिहिलं होतं तिनं, पुढच्या महिन्यात लग्न आहे, खरेदी चालू आहे. आज मी विचारलं, झाली का खरेदी? तर म्हणते, "माफ करा, कसली? मुलांच्या शाळेची का?" परवा लग्न आणि आज शाळेतली मुलं! कामाच्या रगाड्यात माणसाचं डोकं ठिकाणावर राहत नाही. मी विषय वाढवला नाही.

कामाचं बोलणं असं झालं. ती म्हणाली, "मॅडम, तुमची साइट छोटी आहे, सगळ्यात लहान प्लॅन पुरेल." मला राग आला. छोटी? लिफ्टमध्ये पाटी असते, किती माणसं, किती वजन. पण तपासताना आम्ही त्याहून सव्वापट वजन चढवून बघायचो, कारण माणसं पाटी वाचून चढत नाहीत. मी तिला लिहिलं, लहान प्लॅनमध्ये गर्दी झाली आणि साइट मध्येच अडकली तर आतल्यांना बाहेर कोण काढणार? तिनं विचारलं, एका वेळी किती लोक येतात? मी म्हटलं, दिवसाला हजारभर तरी. आकडा रोज बघतो मी. साइटच्या मागच्या बाजूला दिसतो. सकाळी चहा घेताना आधी तेच बघतो.

ती म्हणाली, कोण कधी आलं त्याच्या नोंदी पाठवा, बघून सांगते.

१३ मार्च, शुक्रवार

दोन सुया या नावाच्या बाईनं विचारलं आहे, सुलटा टाका आणि उलटा टाका यांत फरक काय. अगं वेडे, म्हटलं, एवढंही माहीत नाही? आणि सविस्तर सांगितलं. शेवटी काळजीपोटी लिहिलं, दर सहा महिन्यांनी स्वेटरच्या सगळ्या जोडांची तपासणी करून घ्यावी. गाठोडं नावाच्या आणखी एकीला ते इतकं आवडलं की तिनं तीन वेळा आभार मानले.

एका प्रश्नाच्या उत्तरात सकाळ छान जाते.

१७ मार्च, मंगळवार

नोंदी बघून उत्तर आलं. हजारभर लोक येतात ते लोक नाहीत. यंत्रं आहेत. सगळ्या जगाच्या साइट चाळत फिरणारे प्रोग्राम, काही चोरटे, काही नुसतेच भटके. खरी माणसं दिवसाला सहा-सात. "त्यात एक तुम्हीच असाल मॅडम," असंही लिहिलं होतं, वर हसरा चेहरा.

मी खिडकी बंद केली. घरात फार शांत वाटायला लागलं म्हणून रेडिओ लावला. मग तो बंद केला.

वर्षभर मी सकाळी उठून त्या आकड्याकडे बघतोय. आज एक हजार चाळीस, आज अकराशे. हिच्याकडे अजून एवढी माणसं येतात या विचारानं दिवस काढले. आणि ती भटकी यंत्रं निघाली! दिसतं तसं नसतं हे मी दुसऱ्यांना सांगत आलो.

१८ मार्च, बुधवार

चष्मेवालीला काही विचारलं नाही. वास्तविक सगळं विचारून झालंय. प्लॅन कोणता घ्यायचा ते पहिल्याच दिवशी कळलं होतं. मी चिकित्सक आहे, आणखी काय.

२० मार्च, शुक्रवार

गाठोड्यानं विचारलं, मोज्याची टाच कशी वळवायची. हा जरा अवघड प्रश्न होता. हिची उत्तरं पालथी घातली, दोन व्हिडिओ पाहिले आणि दुपारपर्यंत उत्तर लिहिलं. तिनं लगेच लिहिलं, "जेवला-बिवला असाल ना? जेवणाची वेळ टळून गेली तुमची."

खरंच टळली होती. पोळी गार झाली होती, खाल्ली. घाईत टंकताना बाईमाणसाची चूक होते, 'जेवला' लिहून गेली.

चष्मेवालीला पुन्हा एकदा विचारलं, बॅकअप आठवड्याचा बरा की रोजचा? तिनं मागच्या वेळी उत्तर दिलेलं होतं. पुन्हा दिलं. गुडघ्याचंही विचारलं. म्हणजे मी सांगितलं, मग तिनं विचारलं.

२२ मार्च, रविवार

लेकीचा फोन. घेतला का सर्व्हर, म्हणाली. म्हटलं, चौकशी चालू आहे. महिना संपत आला बाबा, म्हणाली, इतके दिवस काय चौकशी करताय? मी चष्मेवालीबद्दल सांगितलं. बरी आहे पोरगी, जरा विसराळू आहे, एक दिवस गोड बोलते, एक दिवस तुटक.

लेक हसायला लागली. "बाबा, तिथे कोणी चष्मेवाली नसते! पाळ्या असतात. आठ-दहा जण आळीपाळीनं बसतात, फोटो सगळ्यांना एकच."

"मग माझ्या गुडघ्याचं कोणी विचारलं?"

"ज्याची पाळी होती त्यानं."

"ही फसवणूक झाली. फोटो एकीचा आणि आत बसलेला भलताच?"

"अहो, फसवणूक कसली? उत्तर मिळतंय ना? तुम्हाला उत्तर हवंय की चष्मा?"

मी म्हटलं, दूध उतू जातंय, ठेवतो. गॅसवर दूध नव्हतं.

नंतर साइट उघडून बसलो. वर कोपऱ्यात हिचा फोटो आहे, निळा स्वेटर घातलेला. मी बघितलं नाही तिकडे फारसं.

२४ मार्च, मंगळवार

घोडामैदान जवळ आलं. घेऊन टाकायचं ठरवलं. सगळ्यात लहान प्लॅन, पण सांभाळ करणाऱ्या माणसांसकट, आठवड्याच्या बॅकअपसकट. दुसऱ्या वर्षीही दर तोच, हे लिहून घेतलं. सहा-सात माणसांना पुष्कळ झालं. सगळं ठरलं आणि खिडकीत प्रश्न आला, "मॅडम, खातं कोणाच्या नावे उघडायचं? ओळखपत्र लागेल."

मी हिचं नाव लिहिलं. मग ओळखपत्राची जागा आली. कपाटात हिचं ओळखपत्र आहे, रद्द झालं म्हणून एक कोपरा कापलेलं. लेकीनं तेव्हा सगळे कागद करून आणले होते.

माझं देतो म्हटलं. तर म्हणे, जुनी साइट, डोमेन, सगळं मॅडमच्या नावे आहे. नाव बदलायचं तर कारण लिहावं लागेल.

उद्या कळवतो म्हणालो.

२६ मार्च, गुरुवार

कारण लिहायला दोन दिवस लागले. बँकेत, पेन्शनच्या कचेरीत, विम्यात, सगळीकडे हे कारण लेकीनं लिहिलं होतं. मी खाली सह्या केल्या होत्या. वर काय लिहिलंय ते वाचलं नव्हतं, बारीक अक्षरं वाचणारा माणूस असून. आज खिडकीत मी स्वतः लिहिलं: "त्या हयात नाहीत. मी त्यांचा नवरा."

समोरचा काहीतरी टंकत असल्याचे ठिपके दिसले, थांबले, पुन्हा दिसले. शेवटी आलं, "सर, मला फार वाईट वाटलं. आम्ही सगळे तुम्हाला मॅडम म्हणत होतो. आमच्या पाळीत तुमची चौकशी असते, विणकामवाल्या मॅडम आज आल्या का म्हणून. काम मीच पूर्ण करून देते."

म्हणजे सगळे आहेत, लेक म्हणाली ते खरंच. मला वाईट वाटायला हवं होतं. मी रडलो, पण त्याचं कारण ते नव्हतं. ही गेली. लिहिल्यावर गेली ती.

२८ मार्च, शनिवार

सामान नव्या खोलीत हलवलं. सगळी पानं, सगळे फोटो, प्रश्न, उत्तरं. सकाळी सुरुवात केली. दुपारी काही ठिकाणी जुनी साइट दिसत होती, काही ठिकाणी नवी; पत्ता जगभर बदलायला वेळ लागतो म्हणे. संध्याकाळी सगळं जागेवर आलं.

हिच्या फोटोखाली बसून आणखी एक उत्तर मला लिहिता येणार नव्हतं. म्हणून प्रश्नांच्या पानावर हे टाकलं:

"मी या साइटच्या मालकिणीचा नवरा. ती मागच्या एप्रिलमध्ये गेली. तेव्हापासूनची उत्तरं माझी आहेत. तिच्या नावानं दिली, हे चुकलं. माझ्या सल्ल्यानं कोणाचे स्वेटर बिघडले असतील तर मला क्षमा करावी. नमुने राहतील. प्रश्नांचं पान उद्यापासून बंद करतो."

पाठवलं आणि बाहेर चालून आलो. गुडघा दुखेपर्यंत चाललो.

२९ मार्च, रविवार

सकाळी उघडलं. वाटलं होतं शिव्या असतील. निळी लोकरचं पहिलं होतं:

"भाऊ, आम्हाला माहीत होतं. पहिल्या उत्तरातच कळलं. बाईंनी बाहीबद्दल विचारल्यावर गळ्याचं उत्तर कधीच दिलं नसतं."

दोन सुयांचं: "आणि स्वेटरची सहामाही तपासणीही सांगितली नसती."

गाठोड्याचं सर्वांत मोठं: "मी चाळीस वर्षं विणतेय. मोज्याची टाच डोळे मिटून वळवते. आम्ही काही ठरवून केलं नाही हो. पहिलीनं विचारलं ते खरं विचारलं होतं. तुमचं उत्तर वाचलं आणि कळलं, बाई नाहीत आणि घरात कोणीतरी एकटं बसलंय. मग मी एक विचारलं. तुम्ही दोन पानं लिहिलीत. मग दोन सुयांनी विचारलं. कोणी विचारलं नाही असं होऊ द्यायचं नाही, एवढंच. पान बंद करू नका."

मी भडकलो! वर्षभर मी यांना फसवतोय हे मनाला खात होतं आणि या मला खेळवत होत्या. सुलटा टाका म्हणजे काय म्हणे! मी अख्ख्या सकाळी घालवल्या त्यात. कॉम्प्युटर बंद करून टाकला. दिवसभर उघडला नाही. त्यांना काय वाटलं, म्हाताऱ्याला खुळखुळा दिला की गप्प बसतो?

३० मार्च, सोमवार

राग टिकेना.

वर्षभरातले प्रश्न पहिल्यापासून वाचून काढले. मे महिन्यात मला ताप होता, मी आठवडाभर उत्तरं दिली नव्हती. त्या आठवड्यात एकाखाली एक अकरा प्रश्न आहेत. लोकर धुवायची कशी, गुंडाळायची कशी, ठेवायची कुठे. तेव्हा वाटलं होतं, काय या बायका, जरा धीर नाही. शेवटचा प्रश्न नुसताच होता, "आहात का?"

लेकीचा फोन आला. तिनं साइट वाचली होती, वर्षात पहिल्यांदा. म्हणाली, "आई गेली, असं तुम्ही मलासुद्धा कधी म्हणाला नाहीत हो बाबा. मला वाटायचं, तुम्हाला माझ्याशी बोलायचंच नाहीये."

मी म्हटलं, "अगं, मला वाटायचं तुला वेळ नाही."

"येऊ का मी?"

"ये. पण सर्व्हर नीट चाललाय, त्यासाठी येऊ नकोस."

आज कोणी जेवणाचं विचारलं नाही.

३१ मार्च, मंगळवार

जुनी कंपनी आज मिटली. तिचा पत्ता टाकून बघितला, पांढरं पान आलं.

प्रश्नांचं पान बंद केलं नाही. वर्षभर उत्तरं दिली, एकही प्रश्न विचारला नव्हता. आज नवीन खातं उघडलं, माझ्या स्वतःच्या नावाचं, फोटो न लावता. लिहिलं:

"प्रश्न विणकामाचा नाही. रविवारी दुपारी जेवण आटोपल्यावर तुम्ही काय करता? तिथून संध्याकाळपर्यंत मला जमत नाही."

पाठवल्यावर पुसून टाकावंसं वाटलं. म्हाताऱ्या माणसानं असं परक्या बायकांना विचारायचं? पुसायचं बटण शोधेपर्यंत उत्तर आलं होतं.

दोन सुया: "मला पण नाही जमत."

निळी लोकर: "मी नवऱ्याशी भांडते. तो जाऊन सहा वर्षं झाली, पण भांडण अर्धवट राहिलंय."

गाठोडं: "तुम्ही आधी सांगा. तुमची दुपार कशी असते? सविस्तर लिहा, तुम्हाला सविस्तरच येतं."

लिहायला बसलो आहे. सुरुवातीला काय घालावं ते सुचत नव्हतं, "अगं वेडे" आता मला म्हणता येणार नाही. शेवटी नुसतंच सुरू केलं. दुपारी एक वाजता मी दोन ताटं काढतो आणि एक परत ठेवतो, इथपर्यंत आलोय. अजून बरंच आहे.